इपॉक्सीवर रंग हवाच
घरी बांधलेल्या बोटीला इपॉक्सीचे (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचे) थर दिल्यावर रंग टाळता येईल का, असा प्रश्न आहे. नाही. इपॉक्सी पाणी अडवते, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नाही. पिवळी पडून भुकटी होते. रंगाआधी हात फिरवून बघा. मेणचट लागलं तर साध्या पाण्याने घासून धुवा, पॉलिश पेपर त्यानंतर.

रंग झाल्यावर बोट पाण्यात उतरवाल, तेव्हा चाचणीला लगेच सुसाट सुटू नका. बोट धक्क्याला बांधूनच मागच्या फळीवरच्या इंजिनाच्या बोल्टांभोवती कोरडा टिश्यू फिरवा, पाझर लगेच कळतो. (आणि तळाचं, पाणी काढून टाकायचं बूच लावा! विसरणारे कमी नाहीत.) पूर्ण थ्रॉटलला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कंपनीने दिलेल्या किमान-कमाल मर्यादेच्या खाली राहिले तर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे ढकलणारा) पंखा बसवा, पिच कमी केल्यावर इंचामागे साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची दोरी अंगाला अडकवलेली असू द्या.