बडी फ्रँकलिनची सिडनीतली वर्षं: सौदा फळला की फसला?

सरीहिल्सकर

सप्टेंबर आला की आमच्या ऑफिसात हा वाद निघतोच, तेव्हा म्हटलं इथे मराठीत भांडू. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला (फुटी) फॉरवर्ड लान्स 'बडी' फ्रँकलिन २०१३च्या शेवटी मेलबर्नचा हॉथॉर्न क्लब सोडून सिडनी स्वान्सकडे आला. ९ वर्षांचा करार, १ कोटी डॉलर. सगळे धरून चालले होते की तो ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सकडे जाणार, आणि उचलला स्वान्सने. मेलबर्नवाले आजही ठासून सांगतात की सौदा फसला, कारण तो असताना स्वान्सने कप (लीगचं विजेतेपद) जिंकला नाही. २०१४, २०१६, २०२२, तीन ग्रँड फायनल खेळले, तिन्ही हरले.

फुटी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: अंडाकृती मैदान, एका बाजूचे १८ खेळाडू, प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, ६ गुण. कडेच्या फटीतून गेला तर बिहाइंड, १ गुण. फॉरवर्डचं पोट या खांबांवर चालतं.

आता माझं म्हणणं. करार झाला तेव्हा बडी २६ वर्षांचा होता आणि तिशी ओलांडल्यावर हा नुसता पगार खाणार, असं भाकीत सगळ्यांनी केलं होतं. झालं काय? सिडनीसाठी १७२ सामने, ४८६ गोल. सर्वाधिक गोलांचं कोलमन मेडल त्याला चारदा मिळालं, त्यातली दोन (२०१४ आणि २०१७) स्वान्सच्या लाल-पांढऱ्या जर्सीत. २०१७च्या शेवटच्या फेरीत कार्लटनविरुद्ध एका सामन्यात १० गोल मारून त्याने ते मेडल ओढून आणलं. २०१८ला ऑल-ऑस्ट्रेलियन संघाचा (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा मानाचा संघ) कर्णधार. १८ जणांच्या खेळात कप आला नाही म्हणून बिल एकट्या फॉरवर्डच्या नावाने फाडायचं, हा कुठला न्याय? २०१४ची फायनल आम्ही ६३ गुणांनी हरलो. त्यात बडीचे ४ गोल होते. अजून काय करायला हवं होतं त्याने?

तपकिरी-पिवळा

हॉथॉर्नचा पाठीराखा आहे, त्यामुळे पक्षपाती म्हणा. बडीचं खरं सोनं इकडेच सांडलं. १८२ सामने, ५८० गोल, दोन कप (२००८ आणि २०१३). २००८ला त्याने एका मोसमात ११३ गोल मारले, आणि त्यानंतर आजवर कुणाला शंभरी गाठता आलेली नाही. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात डॉकलंड्सवर कार्लटनचा फेवोला आणि हा, दोघंही शंभराच्या उंबरठ्यावर होते. बडीचा शंभरावा गेला आणि लोक कुंपण ओलांडून आत. फेवोला बिचारा ९९ वर राहिला.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बडीकडे नाही, आमच्याकडे आहे. तो गेला आणि आम्ही २०१४ आणि २०१५चे कप उचलले. २०१४चा तर त्याच्याच नव्या संघाला झोडपून. रफहेड, गन्स्टन, ब्रूस्ट अशा तिघाचौघांत गोल वाटले गेले. पूर्वी चेंडू मिळाला की मान वर करून आधी बडीला शोधायचे. प्रतिस्पर्ध्यालाही ते ठाऊक असायचं. एवढा मोठा फॉरवर्ड संघात असला की बाकीचे आळशी होतात, हे तुम्हाला ९ वर्षं दिसलं नाही का?

आकडेमोड

गोलांचं आधी उरकतो. हॉथॉर्नकडे सामन्यामागे ३.२ गोल, सिडनीकडे २.८. घसरण आहे, पण फार नाही, आणि मधल्या काळात सगळ्या लीगमधलंच गोलांचं प्रमाण खाली आलं होतं. तिथे मी सरीहिल्सकरांच्या बाजूने.

पैशांच्या बाबतीत मात्र नाही. लोक १ कोटी, १ कोटी करत बसतात. ती रक्कम क्लबच्या मालकाच्या खिशातून जाणारी नव्हे. प्रत्येक क्लबच्या पगाराला लीगने कमाल मर्यादा घातलेली असते, सॅलरी कॅप. एकाच्या ताटात जास्त पडलं तर दुसऱ्याच्या ताटातलं कमी होणारच. वर लीगने बजावलं होतं की बडी मध्येच निवृत्त झाला तरी कराराची पूर्ण रक्कम स्वान्सच्या कॅपमध्ये धरली जाईल. म्हणजे परतीचा रस्ता बंद.

मग खरी किंमत काय? शेन मम्फोर्ड. रकमन (उंच उडालेल्या चेंडूसाठी झुंजणारा उंच खेळाडू) म्हणून पहिल्या पंक्तीतला माणूस, स्वान्सच्या २०१२च्या विजयी संघातला. बडी आला आणि त्याच उन्हाळ्यात त्याला जागा उरली नाही, तो जायंट्सकडे गेला. २०१६नंतर स्वान्सचाच टॉम मिचेल हॉथॉर्नकडे गेला आणि २०१८ला ब्राउनलो मेडल (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) गळ्यात घालून बसला. शिवाय सिडनीच्या महागाईपोटी स्वान्सला कॅपवर जो भत्ता मिळायचा, त्यावर बडी आल्यावर इतर क्लबांनी रान उठवलं. लीगने भत्ता गुंडाळायला घेतला आणि वर बाहेरून खेळाडू आणण्यावर बंदी घातली. माझ्या मते करारातला आकडा सगळ्यात स्वस्त भाग होता.

नवखा_पॅरामॅटा

एक बाळबोध शंका. एवढी टंचाई होती तर क्लबने ९ वर्षं का दिली? ५ द्यायची.

आकडेमोड

@नवखा, बडी रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता. म्हणजे दुसऱ्याने दिलेला भाव हॉथॉर्नने जुळवला तर त्याला तिथेच ठेवता आलं असतं. ९ वर्षांचा करार जुळवायची छाती कुणाची होणार? तीच खेळी होती. लांबी हेच हत्यार.

मामी_ग्लेब

तुम्हा तिघांचं ऐकून वाटतं की हा माणूस नसून मुदत ठेव आहे.

डाउअरिन नावाच्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गहू पिकवणाऱ्या छोट्या गावातला नूंगार (तिथली आदिवासी जमात) मुलगा. २००४च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पाचवा निवडला गेला, म्हणजे चार वेळा कुणीतरी दुसरं नाव घेतलं. एका मोसमात शंभर गोल मारणारा पहिला आदिवासी वंशाचा खेळाडू. २०१५ला ऐन फायनल्सच्या तोंडावर तो मानसिक आजारामुळे बाजूला झाला. तेव्हा क्लबने त्याच्यामागे तगादा लावला नाही, मोकळं सोडलं. सहा फूट सहा इंची, सगळ्यांत महागडा खेळाडू उघडपणे सांगतो की मला आत्ता जमत नाही, ही त्या काळी इथल्या ड्रेसिंग रूममध्ये साधी गोष्ट नव्हती. ते तुमच्या कुठल्या रकान्यात मांडणार?

आणि २५ मार्च २०२२. सिडनी क्रिकेट ग्राउंड आपल्या लोकांना सचिनच्या नाबाद २४१ मुळे ठाऊक. त्याच मैदानावर जिलाँगविरुद्ध बडीने हजारावा गोल मारला. हे करणारा तो इतिहासातला सहावाच. हजारो माणसं आत घुसली, सामना बराच वेळ थांबला. रग्बी लीगच्या शहरात! माझ्या मुलाच्या वर्गातली पोरं त्यानंतर कितीतरी दिवस डाव्या पायाने तो त्याचा तिरका, कमानीसारखा रनअप घेत हिंडत होती. त्यातली अर्धी उजव्या पायाची.

तपकिरी-पिवळा

मामी, २०१५बद्दल दुमत नाही. तिथे क्लबला पूर्ण मार्क.

पण हजारावा गोल हा उत्सव झाला, फायनल नव्हे. २०१६ची फायनल घ्या. स्वान्स साखळीत पहिले, समोर वेस्टर्न बुलडॉग्ज, ज्यांनी १९५४नंतर कप पाहिला नव्हता. बडीचा घोटा सुरुवातीलाच दुखावला, हे मान्य. शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याने चेंडू घेतला, मागून डेल मॉरिसने लोळवला (पाठीचं हाड मोडलेलं असताना खेळत होता तो), चेंडू निसटला तो टॉम बॉइडकडे, आणि त्याने लांबूनच लाथाडला. टप्पा पडून गोल. खेळ खलास, २२ गुणांनी.

बॉइडची गंमत अशी की त्याच्याही ७ वर्षांच्या गलेलठ्ठ कराराची बडीइतकीच टवाळी झाली होती. २०१९ला, २३व्या वर्षी तो निवृत्त झाला. जेमतेम ६१ सामने. तरी बुलडॉग्जच्या फुट्सक्रेत जाऊन विचारा, पैसे वाया गेले का? कुणी हिशेब काढणार नाही. त्या एका दुपारी फिटले.

सरीहिल्सकर

म्हणजे ६१ सामने खेळणारा यशस्वी आणि ३५४ सामन्यांत १०६६ गोल मारून सर्वकालीन गोलांच्या यादीत लॉकेट, कॉव्हेंट्री, डन्स्टलनंतर चौथा बसणारा फसलेला? ही तुमची फूटपट्टी असेल तर टोनी लॉकेटचं काय करायचं? १३६० गोल, सगळ्यांत वर. तोही सेंट किल्डाकडून सिडनीत आला, १९९६ला फायनल हरला, आयुष्यात कप कधीच नाही. त्याचा सौदा फसला असं एकदा तरी कुणी म्हणाल्याचं दाखवा.

आकडेमोड

लॉकेटची उपमा इथे लागू नाही. १९९५ला तो आला तेव्हा स्वान्स ओळीने तीन वर्षं तळाला होते, स्टेडियम रिकामं, क्लब जगतो की मरतो अशी अवस्था. त्याने माणसं आणली. २०१३च्या स्वान्सला तारणहाराची गरज नव्हती. आदल्याच वर्षी त्यांनी कप जिंकला होता, तोही बडीच्या हॉथॉर्नला १० गुणांनी हरवून. चालत्या गाडीचं इंजिन बदललंत तुम्ही.

मामी_ग्लेब

आकडेमोड, गरज नव्हती कशी? २०१२ला पश्चिम सिडनीत जायंट्स उतरले होते. बडी तिकडे गेला असता तर? स्वान्सने त्याला घेतला त्यात निम्मा विचार हा की शेजाऱ्याला मिळू नये. तेही मोजा.

आकडेमोड

हा मुद्दा वजनदार आहे. तरी मम्फोर्ड त्याच शेजाऱ्याकडे गेला, हे विसरू नका.

नवखा_पॅरामॅटा

२०२०चा अख्खा मोसम तो दुखापतीने बाहेर होता आणि २०२२च्या फायनलमध्ये एकही गोल नाही, ८१ गुणांनी हार. कराराची शेवटची वर्षं तरी वाया गेली म्हणायची ना?

सरीहिल्सकर

२०२० गेलं, वाद नाही. पण ३५व्या वर्षी तो फायनलला पोचलेल्या संघाचा भाग होता, आणि त्या दिवशी आमच्या २२ जणांपैकी कुणीच धड खेळलं नाही. बरं, तपकिरी-पिवळा, सरळ सांगा: मम्फोर्ड ठेवला असता तर २०१४चे ६३ गुण भरून निघाले असते?

तपकिरी-पिवळा

छे, ६३ नसते निघाले. २०१६चे २२ मात्र निघाले असते. त्यावर बोला.