अनुभव धागा : स्काउट-गाइडनं तुमच्या हाती काय दिलं?

मुलगी यंदा दहा वर्षांची झाली. आजवर बुलबुल, म्हणजे लहान मुलींच्या गटात होती, आता गाइडमध्ये जायचं म्हणते. अर्ज घरी आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी उन्हात कवायत करून पोरीला काय मिळणार गो?" प्रश्न रास्त आहे. म्हणून हा धागा. कोकणात वाढलेल्या, स्काउट-गाइड केलेल्या सगळ्यांनी लिहा. बिल्ले किती मिळाले हे नको, आज काय उपयोगी पडतंय ते सांगा.

सुरुवात मी करते. रत्नागिरीजवळच्या शाळेत मी आठवीत संघनायिका झाले. वर्गात कधी हात वर न करणारी मुलगी मी. शिबिरात पहिल्याच संध्याकाळी पाऊस शिंतडून गेला, लाकडं ओली झाली, आणि सात जणींचं जेवण माझ्यावर. बाई लांब बसल्या होत्या, मुद्दाम. कुणीतरी शेजारच्या वाडीतून नारळाची सुकी सोडणं आणि झावळ्यांची चुडतं मागून आणली, मी तीन दगडांची चूल पुन्हा मांडली. पिठलं खाली लागलं. तरी सगळ्या जेवल्या, आणि भांडी कोण घासणार हेही मीच ठरवलं. १९०७ साली स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही मुलांचे लहान संघ करून प्रत्येकाला त्यांच्यातलाच नायक दिला होता. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. मोठी माणसं जवळ असूनही हात लावत नाहीत.

मालवणहून, एक बोटमालक

ताई, माझा अनुभव माझ्यापेक्षा बाबांचा जास्त आहे. बाबा रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायचे. सहावीत मी बोलाईन नावाची गाठ शिकून आलो आणि पडवीत दोरीशी झटत बसलो होतो. फास न आवळणारी गाठ, माणसाला पाण्यातून ओढायची तर हीच. बाबांनी दोरी घेतली आणि माझ्याकडे बघत, हाताकडे न बघता, बांधून दाखवली. "ही तर आमची गाठ! ही शाळेत शिकवतत?"

मी सरांना सांगितलं. पुढच्या शनिवारी सरांनी बाबांना बोलावलं. तोवर शाळेतून बोलावणं म्हणजे माझी तक्रार, एवढंच घरात माहीत. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि तासभर तीस पोरांना गाठी शिकवल्या. बोटीच्या गाठी, जाळ्याच्या गाठी, ओल्या दोरीची गाठ सोडवायची कशी. नाव एकाचंही त्यांना ठाऊक नव्हतं, नावं सर सांगत होते. आम्ही सगळ्यांनी डावा हात पुढे करून स्काउटचं हस्तांदोलन केलं, तेव्हा बाबा गोंधळले. डावा हात द्यायचा कसा? पण दिला.

त्यानंतर आईला ते नेहमी सांगत, "झिलाच्या शाळेत मी शिकवलंय."

चिपळूणहून

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात. आम्ही माळ्यावर. जिन्यात काकूचा पाय घसरला, मनगट सुजलं, हलवता येईना. डॉक्टरकडे न्यायला वाटच नाही. माझा धाकटा भाऊ, नववीतला स्काउट, त्यानं वहीच्या पुठ्ठ्याचा आधार दिला, आईच्या ओढणीची त्रिकोणी घडी करून हात गळ्यात अडकवला आणि रीफ नॉट मारली. ती सपाट बसते, मानेला रुतत नाही, असं काकूला समजावत होता. पाणी ओसरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हाड मोडलंय, हात हलला नाही ते बरं झालं. आम्ही मोठी माणसं त्या वेळी नुसती रडत होतो.

दापोली तालुक्यातून, एक आई

दुसरी बाजूही लिहिते. माझ्या मुलाच्या शाळेनं गणवेशाचे पैसे घेतले, स्कार्फ दिला, आणि वर्षभरात एकही शिबिर नाही. फक्त २६ जानेवारीला रांगेत उभं केलं. ताई, अर्ज भरण्याआधी विचारा: गाइड कॅप्टननं, म्हणजे गाइड शिकवणाऱ्या बाईंनी, प्रशिक्षण घेतलंय का? प्रवेशानंतर प्रथम सोपान, द्वितीय सोपान या पुढच्या पायऱ्या प्रत्यक्षात करून घेतात का? मुली रात्री बाहेर राहणार तर सोबत बाई किती? शाळा बदलल्यावर त्याच मुलानं 'खरी कमाई'त, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या उपक्रमात, कोकम सरबत विकलं. पहिल्या कमाईची नाणी त्यानं अंथरुणावर मांडून मोजली. म्हणजे दोष स्काउटिंगचा नव्हता.

गुहागर तालुक्यातून, निवृत्त स्काउटमास्टर

दापोलीच्या ताई बरोबर बोलल्या. असं विचारणारे पालक मला हवे असायचे.

मागाच्या खुणा हा माझा आवडता खेळ. पुढचा संघ काजूच्या बागेतून दगड-काटक्यांचे बाण मांडत जायचा, मागचा शोधत यायचा. शेवटची खूण वर्तुळ आणि मध्ये ठिपका: 'मी घरी गेलो'. केनियात न्येरीला बेडन-पॉवेलच्या समाधीवरही हीच खूण कोरलेली आहे.

एक मुलगा फार अबोल होता, घरची परिस्थिती वाईट. दहावीनंतर कामासाठी मुंबईला गेला, निरोप घ्यायला आला नाही. दहा-बारा वर्षांनी शिमग्याला सकाळी दार उघडलं, तर अंगणात ताज्या सारवणावर वर्तुळ आणि ठिपका. शेजारी पाच दगडांचा बाण, थेट विहिरीकडे. विहिरीपाशी तो उभा होता, कडेवर मुलगी घेऊन.