'विस्फार' म्हणजे फुटणं का?

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, आत रक्त आलंय म्हणाले. कागदावर आलं 'रेटिनल आर्टरी मॅक्रोअ‍ॅन्युरिझम'. मी कोशात शोधून 'धमनीविस्फार' लिहून दिलं, त्यांनी ते 'विस्फोट' असं वाचलं आणि रात्रभर जाग्या राहिल्या. त्यांना पटकन कळेल असा शब्द कुणी सुचवेल का?

▪ विस्फार आणि विस्फोट वेगळे. डोळे विस्फारून बघणं आपण म्हणतोच, त्यातलाच हा विस्फार: रुंदावणं, ताणून मोठं होणं. 'अ‍ॅन्युरिझम'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही रुंदावणं असाच आहे. शाळेच्या पुस्तकात धमनीला रोहिणी म्हणत, म्हणून 'रोहिणीविस्फार'ही चालतो. पण घरात बोलताना 'फुगवटा' म्हणा. 'फुगा' नको. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात भरलेल्या गॅसलाही लोक फुगाच म्हणतात.

▪ डोळ्यांच्या तपासणीचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर. सगळ्यात मोठा घोळ 'मॅक्रो' आणि 'मॅक्युला' यांचा होतो. मॅक्रो म्हणजे मोठा. मधुमेहात केशवाहिन्यांना येतात ते सूक्ष्म फुगवटे. हा धमनीलाच येतो, बहुधा तिच्या पहिल्या तीन फाट्यांच्या आत. मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला, बारीक दिसण्याचा भाग. उतारवयात तो झिजून तिथे रक्त येतं तो आजार निराळा, पण पहिल्या नजरेला दोन्ही सारखेच दिसू शकतात. साठीनंतरच्या, रक्तदाब असलेल्या बाईंच्या एकाच डोळ्यात पडद्याच्या पुढे, आत आणि मागे असं तिन्ही थरांत रक्त दिसलं, की आमचं लक्ष आधी धमनीकडे जातं. फुगवट्याभोवती पिवळ्या चरबीचं कडं असलं तर संशय आणखी बळावतो. खालचं रक्त इतकं काळपट दिसतं की कधी गाठ आहे की काय असं वाटतं.

आणि 'अँजिओग्राफी' शब्दालाही जपा! आपल्याकडे तो ऐकला की हृदयच आठवतं. इथे नळी घालत नाहीत. दंडाच्या नाही तर हाताच्या शिरेतून रंग देतात आणि डोळ्याचे फोटो काढतात. नेहमीचा पिवळा रंग दाट रक्ताआड झाकला जातो, तेव्हा हिरवा रंग वापरतात. त्याचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश रक्तातून बराचसा पार होतो आणि लपलेला फुगवटा सापडतो.

▪ म्हणजे फुटलेलं नाही असंच सांगू ना?

▪ नाही ताई, तसं सांगू नका. रक्त आलंय म्हणजे फुगवट्याची भिंत कुठेतरी फाटली असणारच. 'डोळ्यातल्या रक्तवाहिनीला फुगवटा आला होता, त्यातून रक्त आलं' असं सरळ सांगा. पुष्कळदा त्यात गुठळी होऊन तो आपोआप बंद होतो, हेही सांगा. नजर किती परत येईल ते मधल्या भागाखाली किती रक्त आहे त्यावर ठरतं, म्हणून दाखवायला उशीर नको. रक्तदाब मात्र आजच मोजून घ्या.

▪ मोजला. १७० निघाला. 'फुगवटा' म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "सायकलच्या ट्यूबला येतो तसा?" हो म्हटलं.