बुलशिट डिटेक्टर अल्बम कसा ऐकायचा?

प्रश्न: क्रास या इंग्लिश पंक बँडची गाणी ऐकून झाली, आता त्यांच्याच लेबलचा (रेकॉर्ड कंपनीचा) बुलशिट डिटेक्टर हा वेगवेगळ्या बँडच्या गाण्यांचा संग्रह लावलाय पण आवाज इतका खरखरीत आहे की शब्दच कळेनात. लोक याला एवढं का मानतात? आणि तीन भागांपैकी आधी कुठला ऐकू?

बेसवाला: अरे भावा, खरखर असणारच, पोरापोरींनी घरी नाहीतर प्रॅक्टिसच्या खोलीत साध्या कॅसेटवर रेकॉर्ड करून क्रासला पाठवलेल्या डेमो टेप आहेत त्या आणि त्यातून निवडून १९८० साली पहिला भाग निघाला. स्टुडिओचे पैसे नव्हते पण अणुबॉम्ब, पोलीस, बेकारी यावर बोलायचं होतं, ते थेट रेकॉर्डवर आलं! मला हीच त्याची ताकद वाटते. काही गाणी अगदीच कच्ची आहेत, तरी गाळू नकोस.

रात्रपाळी: मी म्हणेन दुसऱ्यापासून कर, १९८२ चा. त्यात चंबावांबा हा बँड आहे, १९९७ मध्ये ज्यांचं टबथंपिंग हे गाणं गाजलं तेच, आणि ते ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धाचं वर्ष होतं हे लक्षात ठेवून ऐक म्हणजे तो राग कुठून येतो ते कळतं. तिसऱ्यात (१९८४) नेपाम डेथ हा बँड आहे, ग्राइंडकोर म्हणजे अतिवेगवान, कर्कश संगीताकडे वळण्याच्या आधीचा. पहिल्यात अमेबिक्स हा बँड आहे.

बेसवाला: आणि जुनी प्रत घेताना भाव बघून घे हं, क्रास स्वतः कव्हरवर छापायचे की यापेक्षा जास्त पैसे देऊ नका.

प्रश्नकर्ता: थँक्यू दोघांना, आज रात्री हेडफोन लावून दुसरा भाग ऐकतो, मग अमेबिक्स.