मदत हवी आहे: वेळेची मुदत आणि एंड्युरन्स राइडचे नियम

नमस्कार मंडळी, मी कॅलिफोर्नियात राहते आणि माझ्या अरबी घोडीवर एंड्युरन्स राइड, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा करते. मागच्या महिन्यात 50 मैलांची राइड होती. एईआरसी या अमेरिकेतल्या एंड्युरन्स राइडच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे मुदत 12 तास, आणि पशुवैद्यकीय तपासणीचे सक्तीचे थांबे त्यातच धरतात. आमचे दोन थांबे मिळून दीड तास, म्हणजे उरलेल्या वेळात तासाला पावणेपाच मैल तरी कापायला हवेत.

एका फाट्यावरची खुणेची फीत कुणीतरी काढली होती. आम्ही दोन मैल चुकीच्या वाटेने गेलो, परत फिरलो आणि 9 मिनिटं उशिरा पोचलो. तंग सैल केला, मानेवर पाणी ओतून निथळून काढलं. पाचच मिनिटांत घोडीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 64 च्या खाली! दुडक्या चालीतही लंगडणं नाही. तरी ‘ओव्हरटाइम’, राइड बाद.

मुदत घोड्याच्या भल्यासाठी आहे, हे मला मनापासून पटतं. थकलेल्या जनावराला अंधारात रेटू नये. पण चूक खुणांची असेल तर आयोजकांना सवलत देता येते का? कुणी लेखी तक्रार केली आहे का, किती दिवसांत करायची?

आणि टेव्हिस या इथल्या प्रसिद्ध राइडचं स्वप्न आहे, 100 मैल 24 तासांत. तिथे वाटेतल्या चौक्यांवरही वेळेची मर्यादा असते. जे करून आलेत, त्यांनी सांगा ना, हाताशी किती वेळ राखून ठेवता?