मदत हवी आहे: क्रोझाँचा पडका किल्ला

फ्रान्समधल्या क्रझ जिल्ह्यातलं क्रोझाँ हे छोटंसं गाव. क्रझ आणि सेदेल नद्यांच्या संगमावर, खडकाच्या सोंडेवर लुझिन्याँ घराण्याचा किल्ला पडून आहे. चित्रकार गियोमँने हा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला, म्हणून चित्रं भरपूर. बांधकामाबद्दल मात्र माझ्या हाती फारसं काही लागलेलं नाही. १९२६च्या एग्युझाँ धरणाने नदीचं पाणी चढलं. त्याआधीचा पायथा कसा होता, हे मला बघायचंय.

गेरेच्या जिल्हा अभिलेखागारात नेपोलियनकालीन जमीनमोजणीचे नकाशे कसे मागवतात? आणि जुनं फ्रेंच हस्ताक्षर वाचणारं कुणी आहे का? मला तर ते मोडीपेक्षा अवघड वाटतंय! फ्रान्समधल्या मंडळींनी कृपया सांगावं.