मदत हवी आहे: गावच्या घरी केबल ठेवावी की डिश बसवावी?

पागोळी: नमस्कार. चिपळूणजवळच्या आमच्या घरी आई-बाबा दोघेच असतात. गेल्या पंधरवड्यात केबल चार वेळा बंद पडली आणि केबलवाल्याकडून ‘उद्या माणूस पाठवतो’ एवढेच उत्तर मिळते. शनिवारी मी गावी जाणार असून त्याच दिवशी हा प्रश्न मिटवायचा आहे. केबल की डिश, एवढेच कृपया सांगावे.

ओसरी: एवढ्यावर सांगणे कठीण आहे. केबल बंद पडते तेव्हा वीज असते का? आई-बाबा कोणत्या वाहिन्या पाहतात? घरावरून आग्नेयेचे आकाश मोकळे दिसते का?

सडा: कोकणात डिश घेऊच नये. तिचे प्रक्षेपण केयू बँडवर, म्हणजे उच्च वारंवारतेच्या लहरींवर होते आणि मुसळधार पावसात त्या लहरी क्षीण होतात. आमच्याकडे जुलैमध्ये ऐन बातम्यांच्या वेळी चित्र गोठते.

गडगा: सडा, सर ओसरली की चित्र परत येते, हा माझा आठ वर्षांचा अनुभव आहे. शिवाय केबलवालेही वाहिन्या उपग्रहावरूनच घेतात.

सडा: घेतात, पण बहुतेक सी बँडवर, म्हणजे त्याहून कमी वारंवारतेच्या लहरींवर आणि मोठ्या डिशने, त्यामुळे त्यांना पावसाचा उपद्रव फारसा होत नाही.

तिठा: दोन्ही सोडा आणि फायबर घ्या. मी वर्षभर सगळे इंटरनेटवरच पाहतो.

ओसरी: तिठा, धागा वयस्कर माणसांच्या टीव्हीविषयी आहे. पागोळी, माझे प्रश्न अजून अनुत्तरित आहेत.

पागोळी: क्षमस्व. वीज जाते तेव्हाच केबल जाते. घरात इन्व्हर्टर असल्याने टीव्ही मात्र चालू असतो. बाबांना सह्याद्री लागते, आईला संध्याकाळच्या मालिका. आग्नेयेला शेजाऱ्यांचा फणस आहे.

ओसरी: मग दोष बहुधा वाटेतल्या ॲम्प्लिफायरचा, म्हणजे केबलमधला सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा आहे, कारण त्याला वीज मिळाली नाही तर तुमचा इन्व्हर्टर निरुपयोगी ठरतो. अशा घरी मी डिशच सुचवेन. डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही आणि तिच्यावर सह्याद्री दिसते, परंतु सशुल्क वाहिन्या तिच्यावर नसतात. म्हणून आईंच्या मालिका कोणत्या वाहिनीवर लागतात, हे आधी विचारून घ्या. त्या सशुल्क वाहिनीवर असतील तर खासगी डिश घ्यावी लागेल. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर असून चिपळूणहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंश उंच दिसतो, त्यामुळे फणसापासून थोडे दूर सरकले तरी पुरते.

पागोळी: गोठ्याच्या पत्र्यावर बसवली तर चालेल का?

गडगा: पत्र्यावर नको, वाऱ्याने तो हलला की डिशची दिशा चुकते. चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट मारून घट्ट बसवा, आणि एक पावसाळा पार पडेपर्यंत केबलचा बॉक्स परत करू नका.